जॉनी गेज आणि तो नारंगी डबा

अंगात कणकण होती म्हणून आज सुट्टी टाकली आणि दिवसभर पांघरुणात 'इमर्जन्सी!' बघत लोळले. १९७२ साली अमेरिकेत सुरू झालेली मालिका. लॉस एंजेलिस काउंटीचं अग्निशमन दल, स्टेशन ५१, आणि त्यातला पॅरामेडिक, म्हणजे डॉक्टर नसूनही जागेवर जाऊन तातडीचे उपचार करणारा, जॉनी गेज. नर्सच्या मागे लागून दरवेळी तोंडावर आपटणारा, सतत काहीतरी खूळ डोक्यात घेतलेला. पण कॉल आला की एकदम दुसराच माणूस!

सगळ्यात आवडला तो बायोफोन. नारंगी रंगाचा पेटीएवढा रेडिओ. गेज रुग्णाशेजारी गुडघे टेकून तो उघडतो, नाडी, बीपी सांगतो, ईसीजी पाठवतो. तिकडून हॉस्पिटलातले डॉ. ब्रॅकेट सलाईन कुठलं ते सांगतात, मग हा सुई लावतो. गंमत म्हणजे कॅलिफोर्नियात पॅरामेडिकना असे उपचार करू देणारा कायदाच मुळी १९७० चा, आणि पहिल्या कथेत हेच ब्रॅकेट या कल्पनेच्या विरोधात!

गेज आणि त्याच्या जोडीदाराच्या गाडीत रुग्णाला जागाच नसते. अ‍ॅम्ब्युलन्स वेगळी येते, एक जण रुग्णासोबत आत चढतो आणि दुसरा मागचं दार लावून त्यावर दोनदा थाप मारतो. निघा! मला तर तेवढ्यासाठीच पुढचा भाग लावावासा वाटायचा.

आपल्याकडे १०८ च्या गाडीत डॉक्टरच बसलेले असतात. गेजला हे कळलं असतं तर रुसलाच असता बिचारा.

आई म्हणाली, "आजारी माणसाने आजारी माणसंच बघायची का गं?"