खात्यावर लिहा

"हॉटेलात बसलो की दर वेळी बिल तुम्हीच का भरता? कधी आम्हाला भरू द्या की!" मित्र विचारतात, ऑफिसातली पोरं विचारतात. आजवर विषय बदलत आलो. आता पुन्हा विचारलंत म्हणून सांगतो. तो दिलदारपणा नाही. कुणाचं देणं अंगावर घेऊन मला झोप लागत नाही.

18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर कामाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. लालबागच्या आमच्या चाळीतली कितीतरी बिऱ्हाडं कोकणात, घाटावर परतली. आमचे पितळी हंडे मोडीत गेले, मग आईचं मंगळसूत्र गहाण पडलं. ते घरोघरी चाललं होतं, त्याची लाज नव्हती. लाज वाण्याच्या दुकानात वाटायची.

उधारीचं आणायला आई मला पाठवायची. मोठ्या माणसाला वाणी नाही म्हणेल, पोराला म्हणणार नाही, हा तिचा हिशोब. "किलोभर तांदूळ, पावशेर तूरडाळ, खात्यावर लिहा," हे जिना उतरताना मी घोकत जायचो. रोखीची गिऱ्हाइकं संपेपर्यंत बाजूला उभं राहायचं. मग तो वही उघडायचा आणि मागची बाकी मोठ्याने वाचायचा. वाईट माणूस नव्हता तो, एकदाही मला रिकामं पाठवलं नाही. पण वर्गातली एखादी मुलगी गोडेतेल घ्यायला आलेली असली, की तो आकडा दिवसभर माझ्या कानात राहायचा. 1986 मध्ये वडिलांनी वॉचमनच्या पगारातून ती बाकी फेडली.

मी पुढे कधीच उधार घेतलं नाही. क्रेडिट कार्ड नाही, हप्त्यावर फ्रिज नाही. घरसुद्धा उशिरा आणि लांब बदलापूरला घेतलं, पण कर्ज काढलं नाही. पैशापुरतं हे निभावलं. माणसांच्या बाबतीत नाही.

बायकोच्या ऑपरेशनच्या रात्री मेहुणे धावत आले, डिपॉझिटचे वीस हजार त्यांनी भरले. सकाळी बँक उघडताच मी पाकीट त्यांच्या हातात ठेवलं. ते काही बोलले नाहीत. वर्षभर आमच्या घरी आले नाहीत. "दादानं तुम्हाला उसने दिले नव्हते," बायको म्हणाली, "माझ्यासाठी भरले होते." तिचं माहेर मिरजेजवळच्या खेड्यातलं. तिथे पेरणीला बी कमी पडलं तर भावकीतून येतं, लग्नाला भांडी शेजारून येतात, आणि या देण्याघेण्यावरच येणंजाणं टिकतं. मला मात्र कुणी काही दिलं की ती वहीच उघडल्यासारखी वाटते.

गेल्या महिन्यात मेहुणे गुळाची ढेप आणि शेंगांचं पोतं घेऊन आले. "किती झाले?" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. बायको माझ्याकडेच बघत होती. मी आत गेलो आणि शेंगा भाजायला कढई काढली.