गोल खडे

“एवढं काय बघतेयस? दगडच तर आहेत!”

मैत्रीण माझ्या स्क्रीनकडे बघून सहज म्हणाली आणि निघून गेली. मला मात्र ते दिवसभर टोचत राहिलं.

फोटो मंगळावरचा. नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरने, म्हणजे तिथे फिरणाऱ्या चाकांच्या यंत्राने, २०१२ मध्ये गेल नावाच्या विवरात टिपलेला. ‘हॉटा’ नावाचा खडकाचा तुकडा, फुटलेल्या फरशीसारखा तिरपा उचललेला. त्याच्या कडेला नीट बघा. वाळूत घट्ट रुतलेले खडे दिसतात, आणि त्यातले कितीतरी गोल आहेत. गुळगुळीत, कडा झिजलेले.

वाऱ्याने वाळू उडते, पण एवढे मोठे खडे वारा वाहून नेत नाही. म्हणजे ते पाण्यातून गडगडत आले. विवराच्या काठाकडून, काही किलोमीटर, एकमेकांवर आपटत, घासत. खड्यांच्या आकारावरून शास्त्रज्ञांनी पाण्याचा अंदाज बांधला: घोट्यापासून कमरेपर्यंत खोल, माणसाच्या चालीने वाहणारं. तीन अब्जांहून जास्त वर्षांपूर्वी!

तिथे कुणी गेलं नाही, कुणी तो दगड हातात घेतला नाही. मुख्यतः फोटोतल्या खड्यांचा आकार आणि गोलाई मोजली, बस्स. (फोटोंचे रंगही पृथ्वीवरच्या उजेडात दिसतील तसे जुळवून घेतात, म्हणजे इथल्या खडकांशी ताडून बघता येतं. मला हे फार आवडतं.)

दगडच आहेत, खरंय. पण ती नदी कळायला दुसरं काय उरलंय आपल्याकडे?

रोव्हरचे मूळ फोटो नासाच्या संकेतस्थळावर कुणालाही मोफत बघता येतात. तुमच्यापैकी कुणी पाहिलेत?