काचेचा काजू आणि बारा जणांचा वर्ग

हार्वर्डमध्ये प्रवेश निश्चित झाल्यानंतरच्या उन्हाळ्यात, व्हिसा आणि विमानाच्या तिकिटाच्या धावपळीत, मला आणखी एक अर्ज भरायचा होता. तो होता पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या सेमिनारचा. वर्षभरात असे शंभराहून अधिक सेमिनार होतात आणि त्यांत खगोलशास्त्रापासून संगीतापर्यंत सगळे विषय असतात. एका वर्गात साधारण बारा विद्यार्थी घेतात आणि वरच्या वर्गातल्या कोणालाही तिथे प्रवेश नसतो. आपला पसंतीक्रम कळवायचा आणि हाच विषय का हवा, ते थोडक्यात लिहायचे, एवढीच मागणी होती.

या 'थोडक्यात'नेच मला चार दिवस अडकवले. वनस्पती आणि माणूस यांच्या नात्यावरचा सेमिनार मी पहिल्या क्रमांकावर टाकला होता आणि त्यासाठीचा माझा पहिला मसुदा म्हणजे शाळेतला निबंध होता: लहानपणापासून निसर्गाची आवड, कोकणचे सौंदर्य, पर्यावरणाचे महत्त्व. बारावीपर्यंत अशाच वाक्यांना गुण मिळाले होते, त्यामुळे त्यांत काही खोट आहे, असे मला वाटलेच नाही. माझ्या मावसभावाने तो वाचून, यात तू कुठेच नाहीस, एवढेच सांगितले. रागाच्या भरात मी सगळे खोडले आणि आमच्या सिंधुदुर्गातल्या घरी आजी ओले काजू कापते तेव्हा तिच्या बोटांवर जे काळे डाग पडतात, त्यांच्याबद्दल लिहिले. आजीला दरवर्षी डाग पडतात पण फोड येत नाहीत, आईला मात्र एका दिवसात फोड येतात, असे का होते, हा प्रश्न विचारून मी थांबले. उत्तर मला ठाऊक नव्हते. निवड झाल्याची ईमेल आली तेव्हा मला आनंदापेक्षा आश्चर्यच अधिक वाटले.

हा उपक्रम १९५९ साली सुरू झाला. पोलरॉइड कॅमेऱ्याचे जनक एडविन लँड यांनी १९५७ साली एमआयटीमधल्या एका भाषणात, विद्यार्थ्याला विद्यापीठात पाऊल ठेवताच खऱ्या संशोधनाची संधी मिळाली पाहिजे, असा आग्रह धरला होता आणि पुढे हार्वर्डच्या या प्रयोगाला त्यांनी आर्थिक मदतही केली. या वर्गांत श्रेणी देत नाहीत. शेवटी 'सॅटिस्फॅक्टरी' किंवा 'अनसॅटिस्फॅक्टरी' एवढाच शेरा मिळतो. गुणांच्या तराजूत वाढलेल्या मला हे आधी चक्क फसवणुकीसारखे वाटले, कारण गुण नाहीत तर अभ्यास किती करायचा, हे ठरवायचे तरी कसे?

पहिले तीन आठवडे मी जवळजवळ गप्प होते. बारा जणांत गप्प बसणे साठ जणांच्या वर्गातल्यापेक्षा फार अवघड असते. शेवटचा बाकच नसतो.

चौथ्या आठवड्यात प्राध्यापिकाबाई आम्हाला विद्यापीठाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातली काचेची फुले पाहायला घेऊन गेल्या. ड्रेस्डेनजवळ राहणाऱ्या लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का या पितापुत्रांनी १८८७ ते १९३६ या काळात घडवलेल्या चार हजारांहून अधिक प्रतिकृती तिथे आहेत. त्यांत एका कपाटात मला काजू दिसला: पिवळसर-तांबूस बोंडू आणि खाली लटकलेली बी. हा बोंडू म्हणजे फुगलेला देठ आणि ती बी हेच खरे फळ, हे पाठ्यपुस्तकात वाचलेले होते. पण इथे देठ जिथे फुगायला लागतो ती जागा काचेत अशी घडवली होती की पुन्हा वाचायची गरजच उरली नाही. मी न राहवून आजीच्या बोटांची हकिकत सांगितली. त्यावर अमेरिकेतच वाढलेला एक मुलगा म्हणाला की, जंगलात 'पॉइझन आयव्ही'ला हात लागला की त्यालाही असेच फोड येतात. बाईंनी लगेच दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या असल्याचे सांगितले. आंबाही त्याच कुळातला, हे कळल्यावर त्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. परतताना माझ्या टिपणवहीत उत्तरे दोन आणि प्रश्न नऊ होते.

सत्राअखेरचा निबंध मी काजूच्या चिकावर लिहिला. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून गोव्याला आणलेले हे झाड कोकणात रुजताना त्याच्या चिकापासून हात वाचवण्याच्या घरगुती युक्त्याही तयार झाल्या, असा त्याचा रोख होता. मसुदा दोनदा परत आला. दोन्ही वेळा समासात, हे तुला कोणी सांगितले, असा एकच प्रश्न होता.

शेरा 'सॅटिस्फॅक्टरी' मिळाला. बाबांनी फोनवर, म्हणजे किती टक्के, असे विचारले, तेव्हा मी त्यांना निबंधच पाठवून दिला. त्यांनी तो आजीला मालवणीत समजावून सांगितला आणि दुसऱ्या दिवशी आजीचा निरोप आला की, कापायला बसताना हाताला खोबरेल लावतात असे मी लिहिले आहे ते चूक आहे. आमच्या घरी आधी राख लावतात, तेल नंतर हात धुताना.