60 किलोंची परवानगी आणि 54 किलोंवर दंड: ठाणे ते केदारकंठा

फेब्रुवारीत आम्ही चौघं उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला, बर्फातल्या ट्रेकला जाऊन आलो. मी, माझा मामेभाऊ, शाळेपासूनची मैत्रीण आणि तिची दहा वर्षांची लेक. परत आल्यापासून जो भेटतो तो बर्फाचे फोटो बघून झाले की विचारतो, "विमानाचं किती पडलं?" याचं खरं उत्तर द्यायला मला कागद-पेन घेऊन बसावं लागलं. मार्च-एप्रिलमध्ये बरेच जण निघतील म्हणून तो हिशेबच आधी मांडते.

मुंबई-डेहराडून, जाताना, माणशी 5,412 रुपये. बुकिंगच्या साइटवर हा आकडा सगळ्यात वर होता. त्याच सकाळची दुसऱ्या कंपनीची फेरी खाली होती, महाग दिसली म्हणून मी ती उघडलीसुद्धा नाही. ती माझी पहिली चूक. मग पैसे भरेपर्यंत काय काय चढत गेलं ते बघा. कन्व्हिनियन्स फी 350, आणि ती बुकिंगमागे नाही, प्रत्येक माणसामागे, प्रत्येक फेरीमागे. सीटचे सरासरी 400. विम्याचे 199, ज्याची खूण आधीच केलेली होती आणि माझ्या लक्षात आली ती पैसे गेल्यावर. झाले 6,361. पहाटेची फ्लाइट, पोरगी उपाशी राहायला नको म्हणून खाण्याचे 450. झाले 6,811. पैसे भरून झाल्यावर त्याच दिवशी मी त्या दुसऱ्या कंपनीचं तिकीट मुद्दाम शेवटच्या पानापर्यंत नेऊन पाहिलं होतं, परत आल्यावर त्या दिवसाच्या स्क्रीनशॉटवरून मैत्रिणीने पुन्हा ताडून घेतलं. फी धरून, खाणं धरून 6,480. म्हणजे घरातून निघायच्या आधीच आमचं स्वस्त तिकीट महाग झालेलं होतं.

विम्याच्या त्या खुणेबद्दल एक सांगते. गिऱ्हाइकाने न मागितलेली वस्तू गुपचूप बिलात टाकायची नाही, किंमत तुकड्या-तुकड्याने उघड करायची नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय. अशा 13 फसव्या पद्धती त्यात नावानिशी दिल्या आहेत. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. मी नोंदवली. तुम्हीही नोंदवा, 199 रुपयांसाठी कशाला असं म्हणू नका.

सीटचे पैसेही आम्ही घाबरून भरले. वेब चेक-इनच्या पडद्यावर सगळ्या खुर्च्यांवर किंमत दिसते आणि "सीट न निवडता पुढे जा" हे खाली फिकट अक्षरांत असतं. न निवडता पुढे गेलात तरी सीट मिळते, ती कंपनी ठरवते एवढंच. मोठ्या माणसांनी बिनधास्त तसंच करावं, अडीच तास वेगळं बसल्याने काही बिघडत नाही. मुलांची काळजी असेल तर हे लक्षात ठेवा: एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर असलेल्या 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला निदान एका पालकाशेजारी सीट द्यायची, असं डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, एप्रिल 2024 मध्ये सगळ्या कंपन्यांना बजावलंय. मैत्रिणीला हे माहीत असतं तर तिचे आणि लेकीचे मिळून 800 वाचले असते.

आता काउंटरची गोष्ट. माझा सगळा राग तिथे आहे.

पहाटे पावणेतीनला वाघबीळहून टॅक्सी. माजिवडा, कोपरी, मग जेव्हीएलआर, रस्ता रिकामा, चार वाजता मुंबई विमानतळाच्या टी-टूला, म्हणजे टर्मिनल दोनला. चौघांच्या चार सॅक आणि एक पाचवी डफल बॅग, जिच्यात सगळ्यांचं सामायिक सामान: गेटर्स (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पायांवर चढवतात ती आवरणं), औषधांचा डबा, चिवडा, आईने दिलेले डिंकाचे लाडू. आदल्या रात्री मी बाथरूमच्या काट्यावर सगळं तोलून घेतलं होतं. चार सॅक मिळून 47 किलो, डफल 6.8. एकूण 54 ला दोनशे ग्रॅम कमी. चौघांना 15 प्रमाणे 60 किलोंची परवानगी. मी निश्चिंत.

काउंटरवरच्या मुलाने चार सॅक घेतल्या, टॅग लावले, आणि डफल पट्ट्यावर ठेवल्याबरोबर म्हणाला, "मॅडम, हा पाचवा नग आहे. याचे वेगळे भरावे लागतील."

मी म्हटलं, वजन बघा ना, सहा किलो खाली आहोत आम्ही.

"वजन बरोबर आहे तुमचं. पण माणशी एकच नग. सिस्टिम पाचवा घेतच नाही."

2,100 रुपये. हीच पाचवी बॅग आदल्या दिवशी अ‍ॅपवरून नोंदवली असती तर 1,200 ला झाली असती, हेही त्यानेच सांगितलं. मी बाजूला झाले, आमच्या सॅक परत मागून घेतल्या आणि तिथेच फरशीवर उघडल्या. पण ट्रेकची सॅक कशी भरलेली असते ते तुम्हाला माहीत आहे. वजनाला दोन-तीन किलोंची जागा होती, आकाराला चार बोटांचीही नव्हती. लाडवांचा डबा एका सॅकच्या टोपणात, गेटर्स दुसऱ्या सॅकच्या बाजूच्या पट्ट्यांत, चिवडा पोरीच्या छोट्या बॅगेत. तरी औषधं, रेनकव्हर आणि जाड हातमोजे उरलेच. भावाने डफल सॅकला दोरीने घट्ट बांधून दाखवली, तर तो मुलगा शांतपणे म्हणाला, "बांधली तरी दोनच." मागे रांगेत तीस माणसं. पोरगी झोपेने पेंगलेली, सॅकवर डोकं ठेवून बसलेली. भरले 2,100. माणशी 525 धरले तर आमचं तिकीट 7,336 ला पडलं. ज्या फेरीकडे मी महाग म्हणून बघितलं नव्हतं, तिच्यापेक्षा 856 जास्त. चौघांचे 3,424. आणि त्या कंपनीच्या नियमांत नगांची अट नव्हती, फक्त वजनाची होती.

त्या मुलावर माझा राग नाही, तो नियमच सांगत होता. राग याचा आहे की बुकिंग करताना "15 किलो" ठळक अक्षरांत आणि "एक नग" हे नियमांच्या पानावर कुठेतरी आत.

परतीला आम्ही शहाणे झालो. डेहराडूनच्या पलटन बाजारात 250 रुपयांना चेनची मोठी नायलॉनची पिशवी घेतली आणि पोरीची हलकी सॅक व डफल दोन्ही तिच्यात कोंबल्या. एक पिशवी म्हणजे एक नग. जॉली ग्रांटच्या, म्हणजे डेहराडून विमानतळाच्या काउंटरवर कोणी ब्र काढला नाही. ही पिशवी ठाण्याहूनच घेऊन जा, स्टेशनबाहेर याहून स्वस्त मिळते. मात्र पिशवी 32 किलोंच्या वर जाऊ देऊ नका, तेवढ्या वजनाचा एकच नग विमानात उचलत नाहीत.

सामानाचं आणखी थोडं. ट्रेकिंग पोल चेक-इनमध्येच टाका, केबिनला सोडत नाहीत. पॉवर बँक आणि हेडलॅम्पच्या सुट्या बॅटऱ्या उलट फक्त केबिनमध्ये. गॅसचा कॅनिस्टर आणि लायटर कुठेच नाही. सुकं खोबरंही चेक-इनला चालत नाही, तेलामुळे ते पेट घेणाऱ्या मालात धरतात. आमच्यापुढच्या एका काकूंची अख्खी सॅक त्यासाठी उघडायला लावली. ट्रेकिंगचे बूट पायात आणि जाड जॅकेट अंगावर घालून जा, दोन-अडीच किलो तिथेच सुटतात. केबिन बॅग 7 किलो, माप 55 बाय 35 बाय 25 सेंटिमीटर. गेटवर लोखंडी सांगाडा ठेवलेला असतो, शंका आली की त्यात घालून बघतात.

परतीची फ्लाइट तीन तास चाळीस मिनिटं उशिरा. अशा वेळी पाणी आणि खाणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. अडीच तासांपर्यंतच्या फ्लाइटला दोन तासांच्या वर उशीर झाला की, आणि त्याहून लांबच्या, पाच तासांपर्यंतच्या फ्लाइटला तीन तासांनंतर. कोणी आपण होऊन देत नाही. मी जाऊन मागितलं तेव्हा सँडविच आणि ज्यूसचे खोके बाहेर आले, आणि मग सगळ्या गेटवर वाटले गेले. सहा तासांच्या वर गेलं तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण पैसे परत, यातलं एक निवडायचा हक्क आहे.

आमच्यात खरं तर पाचवा माणूस होता. आठवडाभर आधी त्याचा गुडघा दुखावला. त्याच्या तिकिटावर "परतावा नाही" असं होतं आणि साइटने शून्य दाखवलं. हे मान्य करू नका. रद्द करण्याचा आकार मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त लावता येत नाही. कर आणि यूडीएफ, म्हणजे विमानतळाचं प्रवासी शुल्क, ऑफरच्या तिकिटावरसुद्धा परत द्यावं लागतं, विमानाला गेलाच नाहीत तरीही. एअरसेवावर, म्हणजे विमान प्रवाशांच्या तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर, तक्रार टाकल्यावर त्याला हजाराच्या आसपास मिळाले. कन्व्हिनियन्स फी मात्र गेली ती गेलीच.

निघण्यापूर्वी मी या स्वस्त विमान कंपन्यांबद्दल लोकांची मतं भरपूर वाचली होती आणि गोंधळून गेले होते. एक जण पाच तारे देतो, दुसरा लुटलं म्हणतो. आता कळतंय की दोघं खरं बोलतात. आमच्या सोसायटीतले निवृत्त काका वर्षातून चार वेळा मुलीकडे बंगळुरूला जातात, एक छोटी बॅग, घरून डबा, सीट मिळेल ती. त्यांना आजवर एक रुपया जादा पडलेला नाही आणि ते या विमानांचं मनापासून कौतुक करतात. विमान स्वच्छ होतं, वैमानिकाने धुक्यात सुरेख उतरवलं, कर्मचारी नीट बोलले, हे मलाही मान्य आहे. पण पोरंबाळं, सॅक, बांधाबांध घेऊन जाणाऱ्याला ही विमानं स्वस्त नाहीत. माझं मत पक्कं आहे: चेक-इनला माणशी एकापेक्षा जास्त नग असेल तर वरच्या ओळीतला आकडा बघूच नका, शेवटचं पान उघडून तुलना करा.

ट्रेकबद्दल थोडक्यात. डेहराडून ते सांक्री, म्हणजे ट्रेक सुरू होतो ते गाव, साधारण 200 किलोमीटर, मसुरी-पुरोला-मोरी मार्गे, पूर्ण दिवस जातो, घाट लागणाऱ्यांनी गोळी घ्या. जुडा का तालाब या वाटेतल्या तळ्यापर्यंतचे दिवस सोपे. माथा 3,810 मीटर, शेवटचा चढ पहाटेच्या अंधारात बर्फातून. पाठीवर सॅक घेऊन कळसूबाई न धापता करत असाल तर जमेल, दहा वर्षांच्या पोरीने केला. मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बर्फात घसरू नये म्हणून बुटांना लावायचे खिळे, सांक्रीत भाड्याने मिळतात, गेटर्सही मिळतात. म्हणजे ज्या गेटर्सपायी पाचवी बॅग झाली, ते न्यायची गरजच नव्हती.

एक शेवटचं, तिकीट काढताना "मुंबई" टाकलं की आता दोन विमानतळ येतात. बीओएम म्हणजे आपलं अंधेरीचं, एनएमआय म्हणजे उलव्याचं, 25 डिसेंबर 2025 ला सुरू झालेलं. नेरूळ, बेलापूर, पनवेलकरांनी आधी उलवे बघावं. घोडबंदरवाल्यांनी पाचशेच्या फरकाला भुलण्यापूर्वी रात्रीच्या टॅक्सीचं भाडं अ‍ॅपवर तपासून घ्यावं. आणि बीओएम असेल तर तिकिटावर टी-वन आहे की टी-टू ते टॅक्सीत बसण्याआधी वाचा. आमच्यासोबत परतणाऱ्या मुलुंडच्या दोघांनी ते वाचलं नव्हतं, जाताना एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर पहाटे रिक्षाने धावले आणि काउंटर बंद व्हायला सहा मिनिटं असताना पोचले.