मिठाचं मशीन काढलं, पूल क्लोरीनवर आणला

अंबड तालुक्यात आमची मोसंबीची बाग आहे आणि बागेला लागून छोटंसं कृषी पर्यटन केंद्र. खोल्या मोजक्याच, पण जालन्याहून, संभाजीनगरहून फोन करणारी माणसं आधी एकच विचारतात: पूल आहे का? पूल आहे. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, सरासरी १.२ मीटर खोल, म्हणजे ६०,००० लिटर पाणी. बांधला तेव्हा ठेकेदाराने मिठाच्या पाण्याची सिस्टीम बसवून दिली होती. डोळे चुरचुरत नाहीत, रोज औषध टाकायची कटकट नाही, असं त्याचं म्हणणं. गेल्या दिवाळीनंतर आम्ही ते मशीन काढलं आणि पूल साध्या क्लोरीनवर आणला. आमच्यासारखं बोअरचं जड पाणी ज्यांच्याकडे आहे, त्यांच्या उपयोगाला येईल म्हणून सगळं नीट लिहून ठेवते आहे.

मिठाच्या पुलातही जंतू मारायचं काम क्लोरीनच करतो. पाण्यात लिटरमागे साधारण साडेतीन ग्रॅम मीठ असतं (समुद्रात पस्तीस ग्रॅमच्या आसपास), ते पाणी मशीनच्या सेलमधल्या टायटॅनियमच्या पट्ट्यांमधून जातं, पट्ट्यांना वीज मिळते आणि मिठातला क्लोरीन सुटा होतो. वापरून झाला की त्याचं पुन्हा मीठच होतं. म्हणजे आम्हाला बदलायचं होतं ते एवढंच, की क्लोरीन मशीनने जागेवर बनवायचा की आपण बाहेरून आणून टाकायचा. हे डोक्यात पक्कं बसलं आणि कामाचं निम्मं दडपण उतरलं.

मशीन काढायचं का ठरवलं? पहिलं कारण आमचं पाणी. काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी, गिझरच्या कॉइलवर वर्षभरात पांढरा थर चढतो, तसाच सेलच्या पट्ट्यांवर चढायचा. तो घालवायला सेल काढून पातळ ॲसिडमध्ये बुडवावा लागतो. एक भाग ॲसिडला दहा भाग पाणी, आणि ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडात कधीच नाही. पण प्रत्येक धुण्यात पट्ट्यांवरचा रुथेनियमचा लेप थोडा थोडा झिजतो. मऊ पाण्यावर सेल पाच वर्षंही निघतो म्हणतात, आमच्याकडे त्याच्या कितीतरी आधी बसला. नवा सेल घ्यायचा म्हणजे मशीनच्या निम्म्याहून जास्त पैसा पुन्हा घालायचा.

दुसरं कारण विजेचं. पंप चालू तरच सेल चालू. उन्हाळ्यात क्लोरीन सगळ्यात जास्त लागतो आणि नेमकी तेव्हाच आमच्या फिडरची लाइट दुपारी जाते. हिवाळ्यात वेगळीच अडचण. पाणी १५ अंशांच्या आसपास उतरलं की बहुतेक मशीन क्लोरीन बनवणं थांबवतात, आणि आमच्याकडे शाळांच्या सहली डिसेंबर-जानेवारीतच येतात.

पण खरं कारण बाग. फिल्टरच्या बॅकवॉशचं, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुतात त्याचं, पाणी ठेकेदाराने चारी काढून बागेच्या कडेच्या ओळीत सोडलं होतं, पाणी वाया जायला नको म्हणून. एका बॅकवॉशला हजार लिटर पाणी गेलं, तर त्याबरोबर साडेतीन किलो मीठ गेलं. मोसंबीला मीठ सोसत नाही. आधी पानांची टोकं तपकिरी झाली, मग कडा वाळत आत सरकल्या, मग पानगळ. आमच्याकडे कामाला असलेले काका एक फांदी हातात घेऊन म्हणाले, "ताई, हा रोग नाही. पाणी नडू राहिलं. बाकीच्या ओळी पाहा ना, हिरव्यागार आहेत." त्याच आठवड्यात चारी बंद केली आणि शेततळ्याला वापरतात तो प्लास्टिकचा कागद अंथरून बॅकवॉशसाठी वेगळा खड्डा केला. पाणी त्यात जातं आणि उन्हाने उडून जातं.

आता प्रत्यक्ष काम. ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या बऱ्याच जणांनी सांगितलं, पूल पूर्ण रिकामा करा आणि गोड्या पाण्याने भरा. ६०,००० लिटर म्हणजे दहा हजारी सहा टँकर. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या मराठवाड्यात पोहायच्या पाण्यासाठी सहा टँकर मागवायला माझं मन धजावलं नाही. आणि त्याची गरजही नसते. पाण्यात असलेलं मीठ बाहेरून टाकलेल्या क्लोरीनच्या आड येत नाही. आमच्या पुलात साधारण २१० किलो मीठ होतं, चार पोती आणि वर थोडं. ते उडून जात नाही, पाणी बदलेल तसं हळूहळू उतरतं. तोवर तेच पाणी निर्धास्त वापरता येतं.

मशीन बंद करण्याच्या आदल्या संध्याकाळी हाताने क्लोरीन टाकून पातळी चढवून घेतली, म्हणजे कामाच्या मधल्या काळात पाणी उघडं पडायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी एमसीबी पाडून इलेक्ट्रिशियनने मशीनचं कनेक्शन सोडवलं. इथे एक गोष्ट बघून घ्या: आमच्या पंपाला वीज मशीनच्या टायमरमधूनच जात होती. मशीन काढलं असतं तर पंपही बंद पडला असता. म्हणून पंपासाठी वेगळा टायमर आणि स्टार्टर बसवला, अर्थिंग होतं तसंच ठेवलं. मग प्लंबरने सेल काढून त्या जागी तेवढ्याच मापाचा पीव्हीसीचा तुकडा दोन युनियन लावून बसवला. दुपारच्या जेवणाआधी पंप पुन्हा सुरू झाला होता. या भागात विशेष काही नाही.

विचार करावा लागला तो कोणता क्लोरीन वापरायचा यावर.

माझे सासरे ग्रामपंचायतीत होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "गावच्या टाकीला टीसीएल चालते, मग पुलाला का नाही?" टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर स्वस्त आहे आणि हाताशी आहे, पण तिच्यात कामाचा क्लोरीन जेमतेम तेहतीस टक्के आणि बाकी बराचसा चुना. साठ हजार लिटरला एक पीपीएम (लिटरमागे एक मिलिग्रॅम) क्लोरीन द्यायचा तर १८० ग्रॅम पावडर लागते, आणि तळाला चुन्याचा साका बसतो तो वेगळा. साठ-सत्तर टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट त्याहून साफ, पण त्यातूनही दर १० पीपीएम क्लोरीनमागे साधारण ७ पीपीएम कठीणपणा वाढतो. आमचं पाणी आधीच इतकं जड, त्यात आणखी कॅल्शियम कुठे घालणार?

मग उरल्या टीसीसीएच्या गोळ्या आणि पातळ सोडियम हायपोक्लोराइट. गोळीत नव्वद टक्के क्लोरीन, सावकाश विरघळते, कॅल्शियम अजिबात नाही. पण तिच्यात सायन्युरिक ॲसिड असतं, ज्याला पूलवाले स्टॅबिलायझर म्हणतात. थोडं हवंच, नाहीतर आपल्या उन्हात क्लोरीन दोन-तीन तासांत उडून जातो. पण हे स्टॅबिलायझर पाण्यात साचत जातं, आणि जितकं जास्त साचेल तितका क्लोरीन मंद काम करतो. दर १० पीपीएम क्लोरीनमागे ६ पीपीएम स्टॅबिलायझर, असा हिशेब आहे. रोज २ पीपीएम गोळ्यांतूनच दिला तर महिन्याला ३६ पीपीएमची भर. मिठाच्या पुलात ते मुळात जास्त ठेवलेलं असतं, आमच्याकडे ७० होतं. नुसत्या गोळ्यांवर गेलो असतो तर दोन महिन्यांत दुपटीवर, आणि मग उतरवायला एकच उपाय, पाणी बदलणं. म्हणजे पुन्हा टँकर.

म्हणून आम्ही पातळ क्लोरीन धरला. १० टक्क्यांचा ६०० मिलिलिटर टाकला की आमच्या पुलात एक पीपीएम वाढतो. सूर्य मावळल्यावर, पंप चालू ठेवून, पाणी पुलात परत येतं त्या नोझलसमोर मी तो हळूहळू ओतते. थंडीत रोज सव्वा लिटरच्या आसपास पुरतो, एप्रिल-मेमध्ये दोन लिटरच्या वर जातो. गोळ्यांचा फीडरही बसवून घेतला आहे, फिल्टरच्या पुढे, पाणी पुलात जाण्याआधी अगदी शेवटी, आणि त्याच्या अलीकडे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पंप बंद असताना तीव्र पाणी मागे फिरून फिल्टर-पंप खाणार नाही. लग्नसराईत आम्ही दोघंही बाहेर असलो की फीडर चालवतो, आणि पावसाळ्यानंतर, पावसाच्या पाण्याने स्टॅबिलायझर उतरलेलं असतं तेव्हा.

मोजमापाचं मला फार महत्त्वाचं वाटतं. गावच्या टाकीवर पाणी सोडणारे मामा रोज ओटी टेस्ट करतात, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. नळाला शेवटच्या टोकाला ०.२ मिळाला तरी पिण्याच्या पाण्याला ते पुरतं. पण ओटीमध्ये एकूण क्लोरीन दिसतो. घाम, लघवी, तेल यांच्याशी बांधला गेलेला आणि निकामी झालेला क्लोरीनही त्यात मोजला जातो. पुलाला मोकळा क्लोरीन किती हे कळायला हवं, त्यासाठी डीपीडीचा किट घेतला. त्यात रंग गुलाबी येतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचं सांगणं असं की साध्या पुलात मोकळा क्लोरीन किमान १ आणि स्टॅबिलायझर असेल तर किमान २ पीपीएम हवा. आमचं स्टॅबिलायझर चढं असल्याने मी तीन-चारच्या मध्ये ठेवते, पीएच ७.२ ते ७.८. सहलीची मुलं उतरण्याआधी सकाळी मोजल्याशिवाय पूल उघडायचा नाही, हा आमच्याकडे नियम आहे आणि त्यात कुणाचीही भीड चालत नाही. लेकरं ते पाणी गिळतात.

साठवणीबद्दल कळकळीने सांगते. टीसीसीए आणि टीसीएल किंवा कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र आलं तर पेट घेतं, स्फोटही होतो. एकाचा चमचा दुसऱ्यात घालायचा नाही, फीडरमध्ये टीसीसीएशिवाय काही टाकायचं नाही. पातळ क्लोरीनमध्ये ॲसिड गेलं तर विषारी वायू सुटतो, म्हणून ॲसिडचा कॅन आमच्याकडे वेगळ्या खोलीत, कुलपात. पातळ क्लोरीन उन्हाळ्यात ताकद सोडत जातो. जालन्यात मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो, तेव्हा महिन्याचा साठा करण्यात अर्थ नाही. जुन्या मातीच्या कोठीत, अंधारात, जेमतेम आठवडा-दहा दिवसांचा माल ठेवतो. कॅनचं झाकण हवा सोडणारंच हवं, गच्च बसवलं तर कॅन फुगतो.

बदल काय झाला? मिठाच्या मशीनवर पीएच सारखा वर चढायचा, ॲसिड ओतून ओतून हात दुखायचे. आता ॲसिड क्वचित लागतं. गोळ्या पीएच खाली ओढतात, पण आमच्या बोअरच्या पाण्यात अल्कलिनिटी (पीएच घसरू न देणारे क्षार) भरपूर, त्यामुळे खायचा सोडा टाकायची वेळ अजून आली नाही. काठाच्या शहाबादी फरशीवर पांढरी बुरशीसारखी पूड फुलायची आणि थर सुटायचे, ते थांबलं. शिडीचे गंजलेले बोल्ट बदलले. पहिल्या पावसाळ्यात पूल थोडा रिता ठेवून पाऊस झेलला, क्लोरीन उतरू देऊन जादा पाणी ओढ्याला पूर असताना सोडलं, आणि पाण्यात विरघळलेले क्षार मोजायच्या टीडीएसच्या पेनवर आकडा बराच खाली आला. मीठ अजून आहे, आणखी एक-दोन पावसाळे जातील. करपलेल्या ओळीला पावसानंतर नवी पालवी आली, दोन झाडं मात्र गेली.

सेल नवा असेल, पाणी मऊ असेल, वीज भरवशाची असेल आणि बॅकवॉशचं पाणी शेतात जात नसेल, तर मिठाचं मशीन राहू द्या, मी कुणालाही काढा म्हणणार नाही. रोज संध्याकाळी पाच मिनिटं द्यायला घरात माणूस नसेल तरीही काढू नका. आमच्या मशीनचा विजेचा डबा चांगला होता, तो पुण्याकडच्या एका पूलवाल्याने नेला, त्या पैशात गोळ्यांचा फीडर, टायमर आणि डीपीडीचा किट आला. खड्ड्याच्या तळाशी उन्हाळ्यात मिठाचा थर धरतो. तो दरवर्षी पाऊस पडायच्या आत खरवडून पोत्यात भरायचा, नाहीतर पहिल्याच सरीत खड्डा भरून वाहिला की ते मीठ पुन्हा बागेकडेच येतं.