कोंडा, पेज आणि चांगीचे कैदी

पाटण-जावळीकडच्या भात गिरणीत तांदूळ एकीकडे पडतो, कोंडा दुसरीकडे. तांदूळ घरात, कोंडा म्हशीला. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी छावणीत जपान्यांच्या कैदेत असलेल्या ब्रिटिश शिपायांचा जीव याच कोंड्यावर टांगला होता.

१५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर जपानच्या हाती पडलं आणि पाव-मांसावर वाढलेला गोरा शिपाई पॉलिशच्या तांदळावर आला. बी-१ जीवनसत्त्व असतं कोंड्यात आणि अंकुरात. पांढऱ्याशुभ्र दाण्यात उरलंसुरलं असतं, तेही धुवणात आणि ओतून दिलेल्या पेजेत जातं. अंगातला साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. त्यात नुसता भात खाल्ला की पिष्ट पचवायला बी-१ उलट जास्तच लागतं.

मग बेरीबेरी, म्हणजे बी-१ च्या कमतरतेचा आजार. ओली असेल तर पाय सुजतात. नडगीवर अंगठा दाबून उचलला तरी खळगा तसाच राहतो. सूज वर चढते, शेवटी हृदय थकतं. कोरडीत पावलं लुळी पडतात, चालताना बोटं जमिनीला घासतात.

कैदेतल्या डॉक्टरांनी कोंडा मिळवून खायला घातला. चव भुश्शाची, त्यात लवकर खवट होणारा. शिपाई तोंड वाकडं करत. मूग मिळाले तर सोनंच. यीस्टही छावणीतच वाढवलं.

जपान्यांनी कैद्यांकडून बांधून घेतलेल्या सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या ४१५ किलोमीटरवर हाल जास्त झाले. १९४३ च्या पावसात वाटा बुजल्या, रसद अडली, वर कॉलरा. तिथे बदकाच्या अंड्याला औषधाइतकी किंमत होती. बारा हजारांहून अधिक युद्धकैदी दगावले. आशियाई मजूर त्याहून कितीतरी जास्त, पण त्यांची नीट मोजदादही कुणी ठेवली नाही.