जॅक केम्प संग्रह: तिकिटाच्या जागी सही

अमेरिकन फुटबॉलपटू आणि पुढे राजकारणी झालेल्या जॅक केम्पचं, टॉप्स कंपनीने काढलेलं १९६५ चं संग्राह्य कार्ड एकदाचं आलं! त्या वर्षीची कार्डं लांबुडकी, अडीच इंच रुंद आणि जवळजवळ पावणेपाच इंच उंच, त्यामुळे अल्बमच्या नऊ कप्प्यांच्या पानात ते मावत नाही. विकणाऱ्याने साध्या पाकिटातून धाडल्याने एक कोपरा दुमडलाय. जीव हळहळला, पण परत नाही केलं.

हा काळच केम्पचा होता. १९६२ मध्ये बोटाला दुखापत झालेली असताना त्याच्या संघाने, चार्जर्सनी, त्याचं नाव वेव्हर्सच्या यादीत (म्हणजे इतर संघांना घेता येतील अशा खेळाडूंच्या यादीत) टाकलं आणि बफेलो बिल्स या संघाने त्याला १०० डॉलरात उचललं. मोडलेलं बोट त्याने चेंडूच्या गोलाईप्रमाणे वाकडंच बसवून घेतलं, पकड जाऊ नये म्हणून! पुढे १९६४ आणि १९६५ च्या अंतिम सामन्यांत बिल्सनी हरवलं ते चार्जर्सनाच. दुसऱ्यांदा तर २३-०.

१९७० मध्ये तो रिपब्लिकन पक्षातर्फे अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, प्रतिनिधिगृहावर निवडून आला आणि संग्रहाची पंचाईत तिथून सुरू होते. १९८८ ला त्याने अध्यक्षपदाची उमेदवारी मागितली, १९९६ ला अध्यक्षपदाचे उमेदवार बॉब डोल यांच्याबरोबर उपाध्यक्षपदासाठी उभा राहिला. त्या प्रचारांच्या बिल्ल्यांना तोटा नाही. पण मला खरा केम्प दिसतो तो प्रतिनिधिगृहातल्या अठरा वर्षांत. सिनेटर विल्यम रॉथबरोबर त्याने करकपात लावून धरली, त्यातूनच १९८१ चा कायदा झाला आणि प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर ७० वरून ५० टक्क्यांवर आला. तूट वाढली, हे मान्यच. पण हाच माणूस आधी खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता, आणि गरीब वस्त्यांत धंदे यावेत म्हणून तिथे करसवलती द्या, असा त्याचा धोशा होता. म्हणून तो मला जवळचा वाटतो.

त्या वर्षांतली पहिली वस्तू या महिन्यात हाती लागली: त्याच्या कार्यालयातून मतदाराला गेलेलं पाकीट. काँग्रेस सदस्यांना कामकाजाची पत्रं तिकिटाशिवाय पाठवता येतात. उजव्या कोपऱ्यात, जिथे तिकीट असतं, तिथे केम्पची छापील सही आहे. कितीतरी वेळ मी तिच्याकडेच बघत बसलो. मतदाराचा पत्ता कागदाच्या पट्टीने झाकलाय.

आता राहिलं १९६० चं, फ्लीअर कंपनीचं, त्याचं पहिलं कार्ड. त्यासाठी पैसे साठवतोय. तोवर, लांबुडक्या कार्डांची आम्लमुक्त पानं कुणी वापरली असतील तर कळवा.